कोरं फडकं

"चपला इथंच काढा. हितनं पुढं सगळं अनवाणी," फाटकावरचा म्हातारा म्हणाला, आणि माझ्या नव्या चपलांकडं त्यानं असं बघितलं, जणू मी देवळात कुत्रं घेऊन आले होते.

मी तात्यांकडं वळले. तात्या म्हणजे माझे वडील. त्यांनी वहाणा आधीच काढून कडेला ठेवल्या होत्या, टोपी काखेत धरली होती, आणि फाटकाच्या आत एकटक बघत ते उभे होते. कोल्हापुरातनं निघाल्यापासून तीन तासांत हा माणूस धड चार वाक्यं बोलला नव्हता. त्यातलं एक कंडक्टरशी होतं.

ही गोष्ट एक्याण्णव सालची, संक्रांतीनंतरच्या रविवारची. मी तेव्हा चौतीस वर्षांची, प्राथमिक शाळेत बाई, आणि जिभेला गरजेपेक्षा जरा जास्तच धार. देवखिंडीच्या संस्थानिकांचा घाटमाथ्यावरचा बंगला, सावळबाग, आता दर रविवारी लोकांना बघायला खुला, अशी चार ओळींची बातमी पेपरात आली होती. तात्यांनी ती कापून खिशात ठेवली आणि आठवडाभर काढून काढून वाचली. त्यांचा एक डोळा केव्हाच अधू झाला होता, आणि दुसऱ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन येत्या गुरुवारी ठरलं होतं. त्याआधी मला तिथं ने, एवढंच त्यांचं म्हणणं. कशाला, ते सांगेनात. एस्टीत मी अगदी खनपटीलाच बसले, तेव्हा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "राणीसाहेबांची माफी मागायची हाय. न्हाईच भेटल्या तर ते चित्र तरी डोळं असंपत्तूर एकदा बघून घीन."

कसली माफी, म्हणून मी विचारलं, तर पुन्हा तोंडाला कुलूप.

तात्यांना सगळं गाव सुतार पेंटर म्हणून ओळखायचं. भांड्यांच्या दुकानांपासून दवाखान्यांपर्यंत निम्म्या गावाच्या पाट्या त्यांच्या हातच्या. अक्षर असं की दुकान बुडालं तरी पाटी ठेवून घ्यायचे लोक. पण माणसाचं तोंड म्हणून त्यांनी कधी काढलं नाही. सिनेमाचे मोठे बोर्ड रंगवायची बोलावणी आली, गेले नाहीत. आई म्हणायची, गावाच्या पाट्या रंगवल्या, माझं एक चित्र काढा की. ते हसून विषय बदलायचे, आणि तिनं फारच धरून ठेवलं तर उठून बाहेर जायचे. दोन वर्षांपूर्वी आई गेली. भिंतीवर लावायला फोटो शोधला, तर कुणाच्या तरी लग्नातला घोळक्यातला एकच सापडला, आणि त्यातही आईचा अर्धा चेहरा एका पाहुण्याच्या फेट्याआड. तोच मोठा करून लावला. त्या अर्ध्या चेहऱ्याचा राग माझ्या पोटात होता, आणि मी तो लपवतही नव्हते.

तर असे आम्ही दोघं अनवाणी आत शिरलो, आणि दहा पावलांवर मी बोलायची थांबले.

पायाखाली दगड नव्हता, माती नव्हती, हिरवळ होती, दवानं भिजलेली. समोर डोंगराचा सगळा उतार पायरीपायरीनं कापलेला, आणि प्रत्येक पायरीवर एक बाग. पहिल्या पायरीवर नुसती पांढरी शेवंती आणि कुंद. दुसरीवर अबोली, गुडघाभर उंचीची, एका सरळ रेषेत, मुलींच्या शाळेची प्रार्थना उभी असावी तशी. वरच्या झऱ्याचं पाणी दगडी पन्हळातनं एका पायरीवरनं दुसरीवर उतरत होतं, कुठं आवाज करत, कुठं मुकाट. मोटर नाही, पंप नाही, पाण्याला आपली वाट पाठ. मी शाळेच्या सहली घेऊन बऱ्याच बागा पाहिल्या होत्या, कारंजी आणि सिमेंटची हरणं असलेल्या. ही बाग बघितल्यावर त्या सगळ्यांची मला लाज वाटली.

"तात्या, तुम्ही तरणेपणी इथं आला होता ना? तेव्हा तरी सांगायचं घरात, अशी जागा आहे म्हणून."

"तवा ह्यातलं काय बी नव्हतं," तात्या म्हणाले. तेही थक्क झाले होते. "नुसता माळ होता. कुसळं आन् दगडं. बंगला तेवढा मधी उभा."

तिसऱ्या पायरीवर गुलाब होते. तिथं जमिनीवर पोतं अंथरून एक बाई कामाला बसली होती. साठी उलटलेली, अंगावर जुनेरं, पदर कमरेला खोचलेला, हात कोपरापर्यंत मातीचे, आणि कपाळावर रुपयाएवढं कुंकू. रानगुलाबाच्या काडीला चाकूनं चीर देऊन तिच्यात ती चांगल्या गुलाबाचा डोळा बसवत होती आणि वरनं केळीच्या सोपटाची दोरी आवळत होती. मला तहान लागली होती. मी म्हटलं, "मावशी, प्यायचं पाणी कुठं मिळेल हो?"

तिनं वर न बघता पन्हळीकडं बोट केलं. तेच पितो आम्ही, म्हणाली. मग दोरीची गाठ मारून तिनं मान वर केली. आधी बाग सगळी फिरा, घर मागनं बघा, घाई करू नका, डोळे निवले म्हणजे चित्रं नीट दिसतात, असं तिनं आम्हाला समजावलं. माळीणबाई चांगली बोलते, असं मी तात्यांना पुढं गेल्यावर म्हटलं. तात्यांचं लक्ष नव्हतं.

सातव्या पायरीवर बंगला. बैठा, लांबट, जांभ्या दगडाचा, चारी बाजूंनी ओसरी. आणि त्याच्याभोवती गोल फिरलेला वाहत्या पाण्याचा पाट, घोटाभर खोलीचा. पूल नाही, फळी नाही. आत जायचं तर पाण्यातनंच. फाटकावरचा म्हातारा, म्हादबा त्याचं नाव, आमच्या मागनं आला होता. मोठ्या सरकारांनी ही युक्ती केली, असं त्यानं सांगितलं. पायाची धूळ बाहेरच राहिली पाहिजे, आत चित्रं आहेत. लाटसाहेब आला तेव्हा त्यालाही बूट काढून विजारी वर कराव्या लागल्या. हे सांगताना म्हादबाच्या चेहऱ्यावर असा काही आनंद होता की विजारी त्यानंच वर करायला लावल्या असाव्यात.

पाणी बर्फासारखं गार होतं. तात्या मधे थांबले. मी हात पुढं केला, तेव्हा कुठं त्यांनी पुढचं पाऊल टाकलं.

आत मात्र घटकाभर ते सगळं विसरले. सात दालनं, एकात एक उघडणारी, आणि भिंती नुसत्या चित्रांनी भरलेल्या. उंच खिडक्यांना पातळ कापड लावलेलं, त्यातनं ताकासारखा उजेड गाळून येत होता. वादळातलं जहाज होतं, शिकारीचे देखावे होते, बर्फानं झाकलेलं एक खेडं होतं. म्हादबानं सांगितलं की देवखिंडीच्या बाया पहिल्यांदा आल्या तेव्हा त्या चित्रापुढं उभ्या राहून, कापसाची एवढी नासाडी कुणी केली, म्हणून हळहळल्या. मी हसले. तात्या हसले नाहीत. ते एका लहानशा चित्रापुढं उभे होते. मेजावर चांदीचा तांब्या, शेजारी दोन डाळिंबं, बस्स.

"मंदे, हिकडं ये. ह्यात चांदीचा रंग कुठं हाय, दाखव."

मी तांब्यावर बोट धरलं.

"नीट बघ."

मी वाकून पाहिलं. चांदी नव्हतीच. काळं होतं, निळं होतं, एका बाजूला डाळिंबाचं तांबडं उतरलं होतं, आणि अगदी कडेला पांढऱ्याचा एकच ठिपका, मोहरीएवढा.

"त्यो ठिपका झाक बोटानं."

मी बोट हवेतच धरून एक डोळा मिटला, आणि तांब्या विझला. बोट काढलं, तांब्या परत चांदीचा. मी तीनदा तसं केलं. अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. आणि काटा चित्रापेक्षा तात्यांमुळं होता. चौतीस वर्षं ज्यांच्या घरात मी राहिले, त्यांना हे दिसतं, हे मला ठाऊक नव्हतं. प्रत्येक चित्रापुढं ते असंच काही सांगत गेले. जहाजाचं शीड आधी रंगवलंय की आभाळ, रंग कुठं बोटानं सारलाय, कुठं चित्रकार कंटाळलाय. पाट्या रंगवणारा माणूस हा. मला वाटलं, एवढं पोटात घेऊन ह्यांनी आयुष्यभर 'फाटके कपडे रफू करून मिळतील' लिहिलं कसं?

सातव्या दालनात एकच चित्र होतं, आणि तिथं तात्या उंबऱ्यातच थबकले.

पुरुषभर उंचीचं चित्र, जमिनीपासून वीतभर वर लावलेलं, त्यामुळं त्यातली बाई आपल्याच समोर उभी आहे असं वाटत होतं. अठरा-एकोणीस वर्षांची, अंजिरी शालू, उजवा हात खुर्चीच्या पाठीवर. चेहऱ्यात लाजणं नव्हतं, उलट काहीतरी विचारायच्या बेतात असल्यासारखी ती बघत होती. कपाळावर ठसठशीत गोल कुंकू. शेजारी तिवईवर चांदीचा करंडा, आणि खाली जमिनीवर हळदीकुंकवाची बोटं, तिळगूळ, बोरं, उसाचे करवे. संक्रांतीचं वाण लुटायला आलेल्या बायका मूर्तीपुढं ठेवावं तसं चित्रापुढं ठेवून गेल्या होत्या. ही काय पद्धत, असं मी विचारलं, तर म्हादबानं मान हलवली. त्याबद्दल इथं नोकरांनी बोलायचं नाही, तसा हुकूम आहे, म्हणाला, आणि ओसरीवर निघून गेला.

मी चेहरा निरखला आणि तात्यांची बाही ओढली.

"तात्या, अहो, ही तर ती गुलाबातली बाई. मी राणीला मावशी म्हणून पाणी मागितलं."

तात्या माझ्याकडं बघतच नव्हते. "तिच्या कपाळाला कुंकू होतं?" त्यांनी विचारलं. त्यांना लांबनं दिसलं नव्हतं.

"होतं की. रुपयाएवढं."

"असं कसं आसंल? सरकार तर पन्नास सालीच गेलं." आणि एवढं म्हणून ते भिंतीला टेकून खालीच बसले. मग सांगू लागले. आवाज इतका हलका की मलाही शेजारी बसावं लागलं.

पन्नास साली तात्या बावीस वर्षांचे होते, चित्रकार बाळोजी मास्तरांच्या हाताखाली शिकत. मास्तरांना इथली चित्रं पुसून साफ करायचं काम मिळालं. तेव्हाची रीत अशी, की कच्चा बटाटा अर्धा कापायचा आणि चित्रावरनं हलक्या हातानं फिरवायचा. काजळी बटाट्याला चिकटते, रंगाला धक्का लागत नाही. अकरा दिवस काम चाललं. राणीसाहेब माहेरी होत्या, सरकार मुंबईला. अकराव्या दिवशी मास्तर जेवायला गेले आणि हे चित्र तात्यांच्या वाट्याला आलं. तोवर ते नुसते बटाटे कापून देत होते, तैलरंगाच्या चित्राला त्यांनी हातही लावला नव्हता.

"गाल झालं, मान झाली. कपाळावर बटाटा फिरवला, आन् कुंकू निघालं. सगळं पसरलं कपाळभर, रगत सांडल्यावानी. मला काय करावं सुचंना. मग म्या फडकं घेतलं आन् पुसून काढलं. म्या पुसलं मंदे, ह्या हातानं. सवाष्णीचं कुंकू."

पसरलेलं पुसल्यावर कपाळ कोरं राहिलं. मास्तर यायच्या आत त्यांनी शेंदरी आणि तांबडा आळशीच्या तेलात घोटला, होतं तसं गोल कुंकू परत काढलं, वरनं रोगणाचा हात दिला. मास्तरांना कळलं नाही. कुणालाच कळलं नाही. दुसऱ्या दिवशी कामाची माणसं परतली. आणि पंधराव्या दिवशी देवखिंडीचे सरकार मुंबईत वारल्याची बातमी कोल्हापुरात आली. पस्तिशीचा माणूस.

मला हसू यायला हवं होतं, शाळेत मी पोरांना अंधश्रद्धेवर निबंध लिहायला लावत असे. पण एक्केचाळीस वर्षं एका माणसानं हे छातीवर वागवलं होतं, आणि तो माणूस माझ्यासमोर जमिनीवर बसला होता.

"म्हणून तुम्ही आईचं..." मी एवढंच म्हटलं.

"ज्या हातानं पुसलं, त्या हातानं लावायचं कसं?" तात्या म्हणाले. "तोंड काढाय घेतलं, की कपाळ येणार. कपाळ आलं, की कुंकू येणार. तुझी आई मागं लागायची, आन् मला ह्यो बटाटा दिसायचा."

मी त्यांना उठवलं. पाट ओलांडून आम्ही परत तिसऱ्या पायरीवर गेलो. बाई अजून तिथंच होती. तात्या तिच्यापासून चार हातांवर थांबले, टोपी छातीशी धरली, आणि मास्तरांपुढं पाढे म्हणणाऱ्या पोरासारखं एका दमात सगळं सांगून मोकळे झाले. बटाटा, फडकं, शेंदरी, रोगण, सगळं. शेवटी म्हणाले, "आता काय शिक्षा करायची ती करा, सरकार. मला हे घिऊन मरायचं न्हाई."

राणीसाहेबांच्या हातातली दोरी अर्धी गुंडाळलेली होती. त्यांनी ती पुरी गुंडाळली, गाठ मारली, चाकू मिटला. मग पन्हळीखाली सावकाश हात धुतले. एवढा वेळ तात्या मान खाली घालून उभे. मला त्या बाईचा राग येऊ लागला होता.

"चला," त्या म्हणाल्या, आणि आमच्या पुढं चालू लागल्या.

चित्रापुढं आल्यावर त्यांनी तात्यांना जवळ बोलावलं. "हा करंडा तेव्हा इथं होता का?"

"होता. मला वाटलं, शोभंचा."

"उघडून बघितला असता, तर तुमचं आयुष्य वाचलं असतं." त्यांनी करंडा उघडून तात्यांच्या हातावर ठेवला. एका कप्प्यात मेण होतं, एकात कुंकू. "आमचं चित्र इटलीहून आलेल्या चित्रकारानं काढलं. सगळं काढलं, कपाळ कोरं ठेवलं. म्हणे, लाल ठिपक्यानं चेहरा बिघडतो. सरकारांनी समजावलं, ऐकेना, तसाच निघून गेला. कोऱ्या कपाळाची सून भिंतीवर, म्हणून आईसाहेबांनी अन्न सोडलं. मग मी तोड काढली. सकाळी माझं मेण लावून कुंकू लावून झालं, की त्याच बोटानं हिला लावायचे. मी गावाला गेले तर दासी लावायची, तेही पुसट दिसलं तरच."

"म्हणजे मी पुसलं त्ये..."

"मेण होतं. रंग नव्हताच. पेंटर असून मेण ओळखलं नाहीत?"

तात्यांनी करंड्यात बघितलं, मग चित्राकडं, मग परत करंड्यात.

"आणि सरकारांच्या छातीचं दुखणं दोन वर्षांचं होतं," त्या जरा मऊ आवाजात म्हणाल्या. "डॉक्टरांनी मला आधीच सगळं सांगून ठेवलं होतं. तुमच्या बटाट्यानं नाही गेले ते."

मला वाटलं, संपलं. तात्या सुटले. मी हात जोडायच्या बेतात होते. पण राणीसाहेब चित्रासमोरनं हलल्या नाहीत.

"दहाव्या दिवशी," त्या म्हणाल्या, "माझ्या बांगड्या फोडल्या. कुंकू पुसलं. मागल्या अंगाला एक खोली आहे, खिडकी नसलेली. माझ्या आधी घरातल्या दोघी विधवा त्या खोलीत म्हाताऱ्या झाल्या. मी चोवीस वर्षांची. खोलीकडं नेताना आईसाहेब ह्या दारात थांबल्या. म्हणाल्या, हिचं पुसलं, आता भिंतीवरचंही पुसा. रोज लावायचं कुंकू ते, बोट लागलं तरी निघायचं. दासीनं ओलं फडकं फिरवलं. निघालं नाही. तिनं घासलं. निघालं नाही. मग आईसाहेबांनी फडकं तिच्या हातातनं घेतलं आणि स्वतः पुसलं, जोर लावून. फडकं उलटून बघितलं." त्या थांबल्या. "फडकं कोरं होतं."

दालनात पाटाच्या पाण्याचा आवाज येत होता. तात्यांनी करंडा दोन्ही हातांनी छातीशी धरला होता.

"आईसाहेब इथं, ह्या फरशीवर बसल्या. दहा दिवसांत पहिल्यांदा रडल्या. मग उठल्या, ह्याच करंड्यातनं मला कुंकू लावलं, सगळ्यांच्या देखत. म्हणाल्या, जे देवानं पुसू दिलं नाही ते पुसणारी मी कोण. खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली विहिरीत टाकली. त्या दिवसापासून कारभार माझ्याकडं आला. माळावर पहिलं रोप मी त्या पावसाळ्यात लावलं."

मी खिडकीतनं खाली बघितलं. सात पायऱ्या, शेवंती, अबोली, गुलाब, उतरत जाणारं पाणी. डोंगराचा अख्खा उतार. तात्यांनी काढलेल्या एका ठिपक्यातनं हे सगळं निघालं होतं, आणि ते मात्र तिकडं कोल्हापुरात पत्र्यावर अक्षरं काढत, आपण एका बाईचं आयुष्य पुसलं म्हणून झुरत बसले होते.

"तुम्हाला तवा कळलं व्हतं?" तात्यांनी विचारलं. "रंग हाय म्हणून?"

"दारातच कळलं. आळशीच्या तेलाचा वास येत होता." राणीसाहेब पहिल्यांदाच हसल्या, चित्रातल्या मुलीसारख्या. "मी बोलले नाही. देवाचं नाव पुढं केलं आणि गप्प राहिले. कुणी लावलं, ते शोधलंही नाही. शोधलं असतं तर आईसाहेबांना कळलं असतं. त्या गेल्यावर बाळोजी मास्तरांकडं माणूस पाठवला, तर तेही वारले होते. तुम्ही माफी मागायला आलात. मी एक्केचाळीस वर्षं तुमची वाट बघतेय, आणि मला तुमचं नाव माहीत नाही."

"ईश्वरा सुतार," तात्या म्हणाले. आणि मग ते रडले. मी माझ्या बापाला आई गेली तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं.

निघताना राणीसाहेबांनी दाखवलं, की गेल्या पावसाळ्यात कुंकवाच्या कडेची तांदळाएवढी खपली उडाली होती. तेवढी जागा त्या रोज करंड्यातल्या कुंकवानं भरत. ऑपरेशन झालं की रंग घेऊन येतो आणि नीट करून देतो, असं तात्या म्हणाले. त्यांनी नको म्हटलं. बाकीचं तुमचं आहे, एवढं माझं राहू दे, म्हणाल्या. मग करंड्यात बोट बुडवून त्यांनी ती जागा भरली, आणि तेच बोट माझ्या कपाळाला लावलं. मावशीचा राग नाही ना आला, असं मी चाचरत विचारलं. राणीसाहेब म्हणायला पुष्कळ जण आहेत, असं त्यांनी उत्तर दिलं.

परतीच्या एस्टीत तात्या वाटभर बोलत होते. कंडक्टरशीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतनं आले, तर तात्यांनी बोर्डाचा एक कोरा पत्रा पांढरा रंगवून भिंतीला टेकवून ठेवला होता. डोळे धड नाहीत, गुरुवारी ऑपरेशन, आता कुणाची पाटी घेतलीत, म्हणून मी करवादले. ते शेंदरी आणि तांबडा तेलात घोटत बसले होते, घरभर आळशीचा वास. मी चहा ठेवायला आत गेले, बाहेर आले तोवर त्यांनी ब्रश खाली ठेवला होता.

पांढऱ्या पत्र्यावर, वरच्या बाजूला मधोमध, एक गोल कुंकू होतं. बाकी काही नाही. ना नाक, ना डोळे, ना कपाळ.

"चेहरा?" मी विचारलं.

"येईल," तात्या म्हणाले. "ह्ये आधी लावून घेतो. चेहरा पट्टी सुटल्यावर."

तीन आठवडे तो पत्रा तसाच भिंतीला टेकून होता. येणारेजाणारे विचारायचे, हे कसलं चित्र, मी म्हणायचे, आमची आई आहे. पट्टी सुटली, चष्मा आला, आणि एका रविवारी सकाळी त्या कुंकवाखाली आईच्या भुवया आल्या, मग डोळे, मग गालावरचा तीळ, जो मी विसरून गेले होते. दुपारी मी तो लग्नातला फोटो भिंतीवरनं काढला आणि तिथं पत्रा लावला. आईचा चेहरा आता सगळा दिसत होता.